बंबखान्यातला नायब

लोकांचं लहानपण ओसरीवर जातं, शेतात जातं, शाळेत जातं. माझं बंबखान्यात गेलं. बंब म्हटलं की माझ्या सुनेला न्हाणीतला पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवतो, आणि नातवंडांना तर तोही आठवत नाही. मी म्हणते तो आगीचा बंब. परभणीहून पाथरीकडे जाताना लागणारं आमचं गाव कापसाचं होतं. सरकी काढायचे चार कारखाने होते, हिवाळाभर बाजारात कापसाचे ढीग पडलेले असायचे, आणि एवढा कापूस असला की एका विडीचं भय वाटतं. म्हणून कारखानदारांनी मिळून एक बंब आणवला होता. चार चाकांचा लाल गाडा, वर पितळी पंप, दोन्ही बाजूंना लांब दांडे. दोन गडी इकडून आणि दोन तिकडून दांडे खालीवर करायला लागले की कापडी नळीतून पाणी उडायचं. गाड्यासाठी पत्र्याची शेड होती, शेडीपुढे घंटा होती, बाजूला हौद होता आणि हौदामागे दोन खोल्या होत्या. माझे वडील, म्हणजे दादा, बंबाचे जमादार असल्यामुळे त्या दोन खोल्या आम्हाला राहायला मिळाल्या होत्या.

आम्ही मूळचे मेंढरंवाले. दादांच्या आधीच्या कुणी अंगात कोट घातला नव्हता. दादांना खाकी कोट मिळाला, कोटाला पितळी बिल्ला मिळाला, आणि त्या दिवसापासून त्यांची मान जी ताठ झाली ती जेवतानाही वाकेना. आमच्यावर राज्य निजामाचं, बंब कारखानदारांचा. पण दादा स्वतःला सरकारी माणूसच समजायचे. रोज सकाळी ते चिंचेच्या कोळानं पंप घासायचे. माय चुलीपाशी बसून ओरडायची, "आमटीला चिंच न्हाई अन् बंबाला हाय! त्यालाच वाढा आता भाकर." दादा पंपात तोंड दिसायला लागेपर्यंत घासायचे आणि मग त्यातच बघून मिशा सारख्या करायचे. मायची भाजल्या पिठाच्या येसराची आमटी मात्र खरंच कधीमधी बिनचिंचेची असायची, आणि ती मला आजही तशीच आवडते. सून म्हणते, आत्याबाईंना आंबट चालत नाही. चालतं, पण तिला कोण सांगत बसणार?

कुत्रा आमच्याकडे मामानं आणला. मामा पेडगावला मेंढरं राखायचा. त्याच्या कळपावरच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक काळं, पांढऱ्या पायांचं, त्यानं घोंगडीत गुंडाळून माझ्या मांडीत टाकलं. "घे गोदे, तुला राखन." कळपावरच्या कुत्र्याची जात चावायची नसते, गोळा करायची असते. मेंढरू बाजूला गेलं की त्याच्या पायाशी ढुसण्या देत ते कळपात आणून घालायचं, एवढंच त्याला कळतं. आमच्या कुत्र्याला मेंढरं मिळाली नाहीत, म्हणून त्यानं माणसं धरली. घंटा वाजली की हा गाड्याच्या पुढे भुंकत पळायचा आणि वाट मोकळी करायचा. आगीपाशी पोचला की बघ्यांच्या पोटऱ्यांना नाकानं ढोसत सगळ्यांना एका झाडाखाली नेऊन उभं करायचा आणि भोवती फेऱ्या मारत राहायचा. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाला दात लावला नाही. गावाला त्याचं फार कौतुक होतं. जमादाराच्या हाताखाली काम करतो म्हणून बंबावरच्या गड्यांनी त्याचं नाव ठेवलं नायब. दादा कुठं बाहेर गेलेले असले की गडी म्हणायचे, "जमादार न्हाईत तर न्हाईत, नायब हाय की."

नायब गाड्याखाली झोपायचा आणि माझ्या हातचं खायचा. ताकात कुस्करलेली भाकरी. त्यात मीठ जास्त झालं तर तोंड फिरवायचा, इतके त्याचे चोचले. दादांनी हाक मारली तर तो मान वर करून बघायचा आणि परत झोपायचा. मी हाक मारली की मात्र असेल तिथून यायचा, मग तोंडात हाडूक असो की समोर मांजर. दादांना याचा राग यायचा. "बिल्ला माझा अन् हुकूम हिचा," असं ते म्हणायचे, पण हसून म्हणायचे.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात आग लागली की कुणी "आग, आग" असं ओरडत नसे. आग लागली हे तर धुरावरून दिसतंच, त्यात सांगायचं काय! लोक ओरडायचे ते "बंब! बंब!" एकानं ओरडायचं, पुढच्यानं ते उचलायचं, असं करत हाक शेडीपर्यंत पोचायची. दादांनी गड्यांना शिकवून ठेवलं होतं की बंब ऐकलं की गाडा काढायचा, आग कुठं आणि केवढी हे विचारत बसायचं नाही.

त्या हिवाळ्यात गावात बोलपटाचा तंबू आला. बैलबाजाराच्या मोकळ्या जागेत, म्हणजे आमच्या शेडीच्या जवळच, तो उभा राहिला. आत कनात लावून बायकांची बाजू वेगळी केली होती. पुढे अधिकाऱ्यांसाठी खुर्च्या होत्या, बाकी सगळ्यांना जमीन. कापडाचा तंबू, आत बत्त्या, आणि बोलपटाची पट्टी तर म्हणे काडी लागताच भडकते. म्हणून हुकूम असा निघाला की खेळ चालू असेतो बंब तंबूशेजारी उभा राहील आणि जमादारानं त्याच्यापासून हलायचं नाही. तंबूवाल्या शेठनं आम्हा सगळ्यांना फुकट पास दिले. माय इरकली लुगडं नेसून, पदरात भुईमुगाच्या शेंगा बांधून, धाकट्या भावाला कडेवर घेऊन, माझा हात धरून दिवेलागणीला आत जाऊन बसली. दादा बाहेर बंबापाशी राहिले. म्हणजे तसं ते म्हणाले.

मोठा खेळ देवादिकांचा होता. पण त्याच्या आधी, लोक येऊन बसेपर्यंत, शेठनं एक छोटा विलायती विनोदी बोलपट लावला. भाषा कुणालाच कळत नव्हती आणि कुणाचं अडतही नव्हतं. विलायतेतला बंबखाना होता आणि त्यात एक कुत्रा होता! कानांत केस वाढलेला, अगदी भोळ्या तोंडाचा. तो तिथल्या जमादाराच्या गादीवर झोपायचा, त्याची टोपी घालायचा, नळी पळवून न्यायचा आणि जमादार त्याच्यामागे पळता पळता हौदात पडायचा. माय तोंडात पदर कोंबून हसत होती. पुरुषांच्या बाजूनं एक ओळखीचं हसू ऐकू आलं, घोगरं आणि शेवटी खोकल्यात जाणारं. दादा आत येऊन बसले होते. मला तेव्हा त्याचा फक्त आनंद झाला.

मग पडद्यावर एका घराला आग लागली, तिथली घंटा वाजायला लागली आणि लाल की काळा कुणास ठाऊक, पण आपल्या बंबासारखाच बंब धडधडत बाहेर निघाला. मला राहवेना. मी ताडकन उठले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "बंब! माय, बंब! बंब!" आपल्या घरातली वस्तू विलायतेत दिसली, याचा तो आनंद होता. माझ्या शेजारच्या बाईनं ते उचललं, तिच्या पुढच्यांनी उचललं, कनातीपलीकडून पुरुष ओरडायला लागले, आणि दोन पळांत अख्खा तंबू "बंब! बंब!" करत होता. कुणी हसून ओरडत होतं, कुणी घाबरून, आणि कोण कसं ओरडतंय हे कुणालाच कळत नव्हतं.

बाहेर सहा गडी विडी ओढत बसले होते. आत घंटा वाजतेय, शेकडो माणसं बंब म्हणून ओरडतायत, आणि जमादारांचा पत्ता नाही. त्यांनी शिकवल्याप्रमाणे केलं. चौघं दांड्यांना लागले, दोघं नळी घेऊन आत शिरले तर समोर पडद्यावर घर जळत होतं. त्यांनी ते विझवलं. पाण्याचा लोट पडद्यावर आदळला, पडदा खाली आला, मागचा बोलका भोंगा गुरगुरून बंद पडला, आणि मग नळी वळली ती पुढच्या खुर्च्यांवरून फिरत गेली. एवढ्यात नायब आत आला. त्याला हसणं आणि रडणं यातला फरक माहीत नव्हता, त्याला माणसं विखुरलेली दिसली. त्यानं एका टोकाकडून सुरुवात केली. पोटऱ्यांना ढुसण्या देत त्यानं बायका काढल्या, शेंगावाले काढले, फौजदार अमीनसाहेब काढले, आणि सगळ्यांत शेवटी पहिल्या खुर्चीवरचे नायब तहसीलदार काढले. ते अंगानं भारी होते, भिजलेली शेरवानी पायांत अडकत होती, आणि तरी हा मागून ढोसत ढोसत त्यांना लिंबाच्या झाडाखाली घेऊन गेला, शेंगावाली आणि माझी माय यांच्यामध्ये नीट उभं केलं आणि त्यांच्यासमोर शेपटी हलवत बसला. अंधारातून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "नायबानं नायबाला हाकलून आनलं गा!"

असं हसू मी परत कधी ऐकलं नाही. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली, मीही पोट धरून हसले. भिजल्या शेरवानीतला एक माणूस हसत नव्हता, आणि ते मी पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी दादांना सांगितलं, "दादा, पहिल्यांदा मी वरडले." ते ओला कोट पिळत होते. "कुनी इचारलंय का तुला?" "न्हाई." "मग गप ऱ्हा." 

दुसऱ्या दिवशी सकाळी अमीनसाहेब शेडीत आले. निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणायचे. ते बाजेवर बसले आणि एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारत राहिले, हाक आली तेव्हा जमादार कुठं होता? बंबापाशी असता तर त्यानं गड्यांना थांबवलं असतं. नव्हता, तर बिल्ला काढून ठेवावा आणि दोन्ही खोल्या संध्याकाळपर्यंत मोकळ्या कराव्यात, असं नायब तहसीलदार साहेबांचं म्हणणं होतं. माय दाराआड उभी होती, तिच्या कडेवर माझा धाकटा भाऊ होता. दादा एकदम म्हणाले, "साहेब, त्या कुत्र्यानं घोळ केला. ते भुकलं म्हनून गडी पळाले."

"कुत्ते का नाम क्या है?"

दादा म्हणाले, "नाव... नाव काय साहेब, कुत्रंच ते."

मागं उभ्या असलेल्या एका गड्याला वाटलं, जमादारांना आठवेना. तो पुढे सरून कौतुकानं म्हणाला, "नायब, साहेब! लय हुशार हाय!" अमीनसाहेबांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं आणि कागद काढायला सांगितला. तेवढ्यात दादांची नजर माझ्यावर गेली. "गोदे, पानी आन जा आडावरून." घागर तर भरलेली होती. मी तसं म्हणाले, आणि दादांनी भरली घागर ओतून दिली. मी परत आले तेव्हा साहेब गेले होते. दादांच्या डाव्या अंगठ्याला शाई लागलेली होती आणि कोटावर बिल्ला होता.

नायब रात्रीपासून दिसत नव्हता. तंबूच्या माणसांनी त्याला लाकडं मारली होती, म्हणून तो कारखान्याच्या सरकीच्या वखारीत जाऊन दडला होता. दुपारी अमीनसाहेबांची दोन माणसं दोरी घेऊन आली. त्यांनी हाका मारल्या, गड्यांनी मारल्या, दादांनीही मारल्या. आतून नुसतं गुरगुरणं यायचं. शेवटी दादा घरात आले आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसले. कोट घालून ते कधी जमिनीवर बसत नसत. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "त्याला पेडगावला धाडायलाव बाई, मामाकडं. साहेब लय चिडलेत, इथं त्याचे हाल करतील. तिकडं मेंढरं हायती, रान हाय. तुझ्याबिगर ते कुनाचं ऐकत न्हाई. तेवढी हाक मार."

मी मायकडे बघितलं. ती भाकरी थापत होती. तिनं परातीतून हात काढला नाही.

मी वखारीच्या दारात उभी राहिले आणि हाक मारली. एकच मारली. नायब सरकीच्या ढिगातून वर आला, सगळ्या अंगाला कापसाची पांढरी पुंजकी चिकटलेली, आणि सरळ माझ्यापाशी येऊन त्यानं डोकं माझ्या पोटाला लावलं. मी त्याला भाकरी दिली. दोरी त्याच्या गळ्यात मी अडकवली, कारण त्या माणसांना तो हात लावू देईना. मी त्याच्या कानात म्हणाले, "जा, मामाकडं जा. शहान्यासारखं ऱ्हा." ते त्याला घेऊन ओढ्याच्या बाजूला निघाले. मी म्हणाले, "दादा, पेडगावची वाट तर इकडं हाय." दादा म्हणाले, "तिकडून गाडी जायलीय." मी मान हलवली. वळताना नायबानं एकदा मागं बघितलं आणि मी त्याला हातानं, जा जा, असं केलं.

हे इतकं झालं असतं तरी मी दादांना माफ केलं असतं, असं मला वाटतं. घाबरलेला माणूस काहीही करतो. पण पुढे जे झालं ते भीतीपोटी नव्हतं. मी रोज विचारायची, नायब कसाय? आणि दादा सांगायचे. पेडगावचा कुणी बाजारात भेटला म्हणे. नायब लय जाड झालाय म्हणे. मामाच्या मेंढ्यानं त्याला धडक मारली, हा उलटा ओढ्यात पडला, आणि तेव्हापासून तो मेंढा दिसला की घोंगडीखाली शिरतो म्हणे. जेवताना दादा उठून तो मेंढा कसा चालतो ते करून दाखवायचे, मग नायब कसा पळतो तेही. माझा धाकटा भाऊ हसून हसून उचकी लावून घ्यायचा. मायही हसायची. मी दुसऱ्या दिवशी त्या गोष्टी मैत्रिणींना सांगायची आणि आम्ही सगळ्या हसायचो. सगळा हिवाळा आणि उन्हाळा माझं घर एका मेलेल्या कुत्र्याच्या गमतींवर हसलं.

पंचमीला माय मला घेऊन माहेरी पेडगावला निघाली. ती आधी एकटीच जाणार होती, पण मी गाडीला लोंबकळले. पदरात मी दोन भाकरी बांधून घेतल्या होत्या. मामाच्या वस्तीवर पोचताच मी हाका मारायला लागले. कळपावरचे दोन अनोळखी कुत्रे माझ्यावर भुंकले. मामा झोपडीतून बाहेर आला. "कुनाला बोलवायलीस गोदे?" मी म्हणाले, "नायबाला." मामा हसला. "नायब तुमच्यापाशीच हाय की बाई, इथं कुठला?" मग त्यानं मायकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. माय म्हणाली, "चल, हातपाय धू. जेवाया बस."

मी जेवले नाही. त्या रात्री मायनं मला सांगितलं. त्याच दुपारी, ओढ्याच्या काठी, आम्ही घरात भाकरी खात असताना. कागदावर लिहिलं होतं की कुत्रं पिसाळलेलं आहे, जमादाराची खात्री आहे, आणि खाली दादांचा अंगठा होता. पिसाळलेलं! माझ्या पोटाला डोकं लावून उभा राहिला तो. "काय करनार हुते मग," माय म्हणाली, "तुला अन् तान्ह्याला घिऊन कुठं गेलो असतो आपन?" मी आज आजी आहे, मायचा तो प्रश्न बरोबर आहे हे मला कळतं. लोक मला समजावतात, तेव्हाचे दिवस तसे होते, वडिलांचा नाइलाज होता. असेल नाइलाज. मेंढ्याची नक्कल करून दाखवायला कुणी सांगितलं होतं? आणि हाक? ती तर मीच मारली. त्या एका हाकेचा विश्वास त्या जनावरानं जन्मभर धरला आणि तो दादांनी माझ्या तोंडून वापरला. त्यानंतर मी कुठल्याही जनावराला नावानं बोलावलेलं नाही. घरात नातवाचा कुत्रा आहे, त्याला मी वाडगा वाजवून बोलावते.

परत आलो तेव्हा दादा शेडीच्या दारात बसले होते. मी काय ऐकून आले आहे ते त्यांना माझ्या चालण्यावरूनच कळलं असावं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. मी रडणार नाही असं गाडीत ठरवलं होतं आणि रडले नाही.

"तुमी मला खरं सांगायचं हुतं," मी म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर मी हाक मारली नसती."

"म्हनून तर न्हाई सांगितलं," दादा म्हणाले.